वामनच्या वर्दीवरची रम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे उभा राहतो तेव्हासुद्धा मनातल्या मनात ह्याला वळसा घालून जातो. मग तुम्हालाच का? — तुम्ही वामनला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी माजी सैनिक. चंद्रपुरात एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून बसतो आणि फौजेतून परत आलेल्यांची अपिलं लिहितो. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाचा डोळा, आणि वरून कागद आलेला — 'अपंगत्वाचा सैनिकी सेवेशी संबंध नाही, पेन्शन नामंजूर'. असा कागद दिसला की माझं टाळकं सरकतं. भांडून भांडून लिहितो. सिरोंच्यापासून कोरपन्यापर्यंतचे लोक येतात, फौजेतल्या हुद्द्यावरून 'नायकसाहेब' म्हणतात, पाया पडतात. मला ते आवडतं. आता लपवायचंच नाही ठरवलंय, तर हेही सांगून टाकतो.

वामन पोंभुर्ण्याकडचा, माझ्या शेजारच्या गावचा. एकाच दिवशी भरती झालो, एकाच पलटणीत गेलो. त्याला आता मिरगी येते. डाव्या कानाने ऐकू येत नाही. मागच्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, झटका आला आणि तो बांधीतल्या चिखलात तोंड खुपसून पडला. कुसुमने — त्याच्या बायकोने — केसांना धरून ओढून काढलं तेव्हा त्याची जीभ दातांखाली अर्धी चिरली होती आणि चिखल लाल झाला होता.

त्याचंही पेन्शन नामंजूर. कारण काय? तर ड्युटीवर नसताना, दारूच्या नशेत, ट्रकवरून पडून डोक्याला मार. नशेत स्वतः पडला, त्याला सरकार काय देणार? नियमच आहे तसा. मला पाठ आहे.

त्याची अपिलं कोणी लिहिली? — मीच. दुसरा कोण लिहिणार होता?

मी पुन्हा वळसा घालतोय. सरळ सांगतो.

त्या दुपारी पलटणीत बडा खाना होता — साहेब आणि जवान एका पंगतीला जेवतात, तो. मी गार्ड कमांडर. पहाऱ्यावर कोण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे वहीत लिहिणारा मी. गार्ड कमांडरने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नसतो. मी अर्धी बाटली रिचवली होती आणि उरलेली कमरेला खोचून मागच्या फाटकाने बाजारात निघालो होतो. फाटकावर वामन. तो कधीच पीत नसे.

"भाऊ, मांगं फिर," तो म्हणाला. "बाटली घेऊन बाहेर जाऊन राह्यला तं मले तुयंच नाव लिहा लागन."

एवढंच. आवाज चढवला नाही, उलट जरासा हसला. ते हसू माझ्या डोक्यात गेलं. शेजारी तंबूचे खुंटे ठोकायची लाकडी मोगरी पडली होती. उचलली आणि त्याच्या कानामागे हाणली. तो गुडघ्यांवर आला. तेव्हा थांबता आलं नसतं का? आलं असतं. मी पुन्हा हाणली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आवाज निराळा आला, ओलं लाकूड फुटल्यासारखा. कानातून रक्त, नाकातून रक्त, आणि हात मातीत काहीतरी चाचपत होते. मला — कसं सांगू — मला त्या क्षणी बरं वाटत होतं.

मग नशा उतरली आणि भीती चढली. काय केलं मी? बाटली काढली. बोटं घालून त्याचे दात फाकवले आणि उरलेली रम त्याच्या तोंडात ओतली, वर्दीवर ओतली. तो गुदमरला, खोकला, तरी ओतत राहिलो. काखेत धरून फरफटत ट्रकपाशी नेऊन टाकला. वहीत लिहिलं — वामनला तासभर आधीच जेवायला सोडलं, त्याच्या जागी पहारा मी स्वतः दिला. फाटकापुढच्या रक्तावर माती लोटली, मोगरी धुतली आणि मगच मदतीसाठी ओरडलो. डॉक्टरने वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. माझ्या तोंडाचा कुणी घेतला नाही. बड्या खान्याच्या दिवशी निम्म्या पलटणीला तोच वास असतो.

वामनला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही.

पहिलं अपील फेटाळलं. दुसरंही. मी लिहिलेली ती कागदपत्रं वाचाल तर डोळ्यांत पाणी येईल, इतकी छान आहेत. त्यात फक्त एक वाक्य नाही — पहाऱ्यावर असताना गार्ड कमांडरने मारलं. त्या एका वाक्यावर तो जिंकला असता, आणि मी तुरुंगात गेलो असतो.

मग प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. वकील म्हणाला, प्रत्यक्ष हजर असलेल्याचं प्रतिज्ञापत्र हवं. कुसुम माझ्या टेबलापुढे येऊन बसली. "भाऊजी, तुमी तं तिथीच होते. जे झालं थे लिहून द्या नं. हे पेत नाई, मले मालूम हाय." सगळ्या जगात एवढी एकच बाई होती, जिने तो प्यायला होता हे कधी मानलं नव्हतं.

मी लिहून दिलं. 'मी पाहिलं तेव्हा तो ट्रकपाशी पडलेला होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता.' शपथेवर. निकालात माझी हीच वाक्यं उतरवली आहेत.

कुसुमने निकाल वाचून घेतला, घरी गेली आणि वामनला चपलेने बडवलं. आंगणात, चार लोकांदेखत. तिने इतकी वर्षं त्याच्यासाठी दारोदार भांडून घालवली होती. त्याने हात वर केला नाही. मला हे त्यानेच सांगितलं, फुटल्या ओठाने. "बरोबर मारलं तिनं. तू कायले खोटं लिहिशीन? पेलोच असन मी."

आता आमच्या भागात बायांची दारूबंदीची सभा असली की वामनला बोलावतात. तो उभा राहतो, जीभ अडखळते, तरी सांगतो. "जिंदगीत एकच डाव पेलो मी, अन् पाहा माह्यं काय झालं." मग माझ्याकडे बोट दाखवतो. "या भावानं उचललं म्हून जिता हावो." बाया टाळ्या वाजवतात. कुसुम मागे बसलेली असते, खाली मान घालून.

मागच्या महिन्यातल्या सभेत मी उठून हात जोडले, टाळ्या घेतल्या आणि खाली बसलो.

वामन प्यायलेला नव्हता.