तिच्या हातातला माईक काढून घेतला तेव्हा

मैत्रिणींनो, घरी येऊन दोन तास झाले, अजून साडीसुद्धा बदललेली नाही. अंगात त्राणच नाही.

आज गावातल्या शाळेत पाहुणी म्हणून गेले होते. आठवीतली एक मुलगी भाषण करताना अडखळली. बाईंनी लगेच माईक काढून दहावीतल्या मुलीला दिला.

मला एकाहत्तरचं युद्ध आठवलं. इस्लामपूरजवळच्या आमच्या वस्तीवर फौजेतून आलेली पत्रं बायकांना वाचून दाखवायची, ती दहावीतल्या शालनअक्कानं. मी आठवीत होते. एकदा तिनं पत्र माझ्या हातात दिलं. वाचता वाचता मी अडले आणि समोरच्या काकूंनी हंबरडाच फोडला. त्यांना वाटलं, नवरा गेला. पुढं लिहिलं होतं, 'थंडी लय हाय.'

"मी परत न्हाई वाचणार," मी रडत म्हणाले.

"उद्याबी तूच वाचायचं," अक्का म्हणाली. "मी बसते शेजारी."

पुढं बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं.

आज ती मुलगी मान खाली घालून एकटीच कोपऱ्यात बसली. मी उठले नाही. गुडघे दुखत होते, असं घरी सांगितलंय. खरं म्हणजे चारचौघांत उठायला मीच कचरले.

उद्या जाऊन तिच्या शेजारी बसले, तर फार उशीर झालेला असेल का गं?