कोंड्याच्या भिंती

घर बांधायला किती महिने लागतात ते सगळे सांगतात; कोणती खोली कुठे टाकायची हे ठरवायला किती लागतात, ते कोणी सांगत नाही. आमचा पाया अजून खणायचाय, पण किस्से मात्र स्लॅबपर्यंत पोचलेत. मी या घरात नवी, लग्नाला आठ महिने झाले. नव्या सुनेला फारसं कोणी विचारत नाही, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ मिळतो.

*

पहिला नकाशा गोंदियाच्या एका इंजिनीअरने काढला. कॉम्प्युटरवर, रंगीत. त्यात सोफा होता, टीव्ही होता, कुंडीत झाडसुद्धा होतं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून सगळं पाहिलं आणि विचारलं, "धान कुठी ठेवाचा?"

"चाचाजी, धान तो बेच देंगे ना?"

मामाजींनी नकाशाची गुंडाळी केली, त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

*

मग कामठ्याचे मिस्त्री आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोते किती?" मामाजींचा चेहरा खुलला.

सगळ्यात आधी धानाची खोली ठरली. हवेशीर, दोन खिडक्यांची. धानाला ओल चालत नाही. उरलेल्या जागेत माणसं बसवली. मला आणि नितेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धानाच्या शेजारची खोली मिळाली. तिला एकही खिडकी नव्हती. मागून गावची वाट जाते, येणारे-जाणारे नव्या सुनेच्या खोलीत डोकावतील, म्हणून मामाजींनी ती भिंत सलगच ठेवायला सांगितली.

तिरोड्याला माहेरी माझ्या खिडकीतून वीजकेंद्राची चिमणी दिसायची. फार देखणं नव्हतं ते, पण पाहायला काहीतरी होतं. मी नितेशला एकदाच म्हटलं, एक खिडकी हवी होती. तो म्हणाला, "सांगतो ना बाबाले."

ही गोष्ट दिवाळीतली; सांगणं अजून व्हायचंय.

*

मामाजींचे थोरले भाऊ, त्यांना सगळे मोठे बाबा म्हणतात. ते दर रविवारी यायचे, मोबाईलमध्ये दिशा बघायचे आणि संडास हलवून जायचे. महिन्याभरात संडासानं घराला पूर्ण प्रदक्षिणा घातली.

चौथ्या रविवारी मिस्त्रींनी स्वतःचा मोबाईल शेजारी धरला. दोन मोबाईल, दोन उत्तर दिशा. मोठ्या बाबांच्या कव्हरला लोहचुंबकाचं बटण होतं! मिस्त्री अगदी नम्रपणे म्हणाले, "बाबाजी, तुमच्या हिशोबानं तं सूर्य धानाच्या खोलीतून निघून राहिला."

तेव्हापासून मोठे बाबा मोबाईल बघत नाहीत, सूर्य पाहूनच दिशा सांगतात. येतात मात्र दुपारी बारा वाजता.

*

कागदावर कोणालाच नीट कळेना, तेव्हा मिस्त्री म्हणाले, जागेवरच चुन्यानं आखून दाखवतो. चुन्यानं पाय भाजतात म्हणून मामाजींनी गिरणीतून आणलेला कोंड्याचा बोरा काढून दिला. दाराला तीन फूट ओळ सोडायची, खिडकीला हातभर. अर्ध्या दिवसात अख्खं घर जमिनीवर उमटलं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या घरात दारातूनच शिरल्या. चपला बाहेर काढून. मागून नितेश ओळ ओलांडून सरळ बैठकीत आला, तर त्याला म्हणाल्या, "भिंतीतून काऊन येऊन राहिला?"

तो निमूट मागे फिरला आणि दारातून आला.

*

दुसऱ्या दिवशी पाहतो तर बैठकीची पूर्वेकडची भिंत चार फूट गायब. शेजारी आमची गाय, कपिला, शांतपणे रवंथ करत होती.

मिस्त्री हसले, मी पदराआड हसले. मामाजी हसले नाहीत. गाईनं मोकळं केलेलं बुजवायचं नसते, म्हणाले. उत्तरेचं मुख्य दार त्याच दिवशी पूर्वेला आलं. मोठ्या बाबांना महिनाभरात जे जमलं नाही, ते गाईनं एका जेवणात केलं.

मात्र तेव्हापासून कपिलेला कडुनिंबाला आखूड दाव्यानं बांधतात. घराला दारं किती असावीत, यालाही मर्यादा आहे.

*

मिस्त्रींनी आत्याबाईंना विचारलं, सैपाकखोली कशी पाहिजे? त्या म्हणाल्या, "टाका कुठीही. सैपाक तं होतेच."

आत्ताच्या घरात त्यांची चूल एका कोपऱ्यात आहे. तिथे उजेड दारातून येतो, तोही दारात कोणी उभं नसेल तर. त्या सून म्हणून आल्या तेव्हा तिथे खिडकी काढायचं ठरलं होतं. पुढच्या वर्षी. हे त्यांनी मला तांदूळ निवडताना सांगितलं. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुले पाहिजे का?"

मी तांदळातला खडा शोधत राहिले. त्या दिवशीचे तांदूळ तसे स्वच्छच होते.

*

उद्या पाया खणायचाय, म्हणून आज सकाळी शेवटची पाहणी झाली. जो तो आपापल्या खोलीत जाऊन बसला. मीही माझ्या खोलीत बसले. आत्याबाई चहा घेऊन आल्या, बैठकीतून, दारातून, अनवाणी. माझ्याजवळ बसल्या. वर मोकळं आभाळ, चारही बाजूंनी वारा; तरी त्या पदरानं वारा घेत होत्या.

चहा संपला. त्या उठल्या, मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि पायानं हातभर कोंडा बाजूला सारला.

मामाजी मिस्त्रींना घेऊन फिरत फिरत तिथे आले. थांबले. "हे काय झालं?"

"गाईनं खाल्लं," आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी कडुनिंबाकडे पाहिलं. कपिला तिथेच होती, आखूड दाव्यानं बांधलेली. मग त्यांनी आत्याबाईंच्या पायाकडे पाहिलं. बोटांना कोंडा चिकटला होता.

"गाईची जीभ बहूत लांब झाली," मामाजी म्हणाले.

आणि मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली.