जॉर्डन नदीची बाटली

ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात भाजीच्या जुडीला नदीच्या चिखलाचा वास आला आणि मी पुन्हा जॉर्डन नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहिले.

२०१३ साली इथल्या युनिव्हर्सिटीतून आमचा वर्ग बायबलमधली ठिकाणं बघायला गेला होता. पुण्यात आई आयसीयूत होती. "येशूचा बाप्तिस्मा याच नदीत झाला," गाइड म्हणाला आणि मी घाईघाईने बाटली भरली.

"दादा, पवित्र पाणी आणतेय. आईच्या तोंडात दोन थेंब घालू," मी फोनवर रडत म्हणाले.

दादा म्हणाला, "अगं, तोंडात पाणी कधी घालतात?"

मी घाबरून बाटली तिथेच ओतून दिली. दोन दिवसांनी दादाने गंगाजल घातलं, तेव्हा मी विमानात होते. आता एवढंच सलतं, आईला माझ्या हातचं पाणी मिळालं नाही.