रिकाम्या गाडीचा रकाना

आमचा हळद शिजवायचा कुकर दोन चाकांवर उभा आहे. दोन ड्रम, मधे पाण्याची टाकी, खाली भट्टी. टाकी रिकामी असताना त्याचं वजन एक हजार ऐंशी किलो भरतं. मी काट्यावर नेऊन करून घेतलं आहे. बहुतेक लोक असा कुकर ट्रॅक्टरला लावतात. आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, पिकअप आहे, म्हणून आमचा कुकर पिकअपच्या मागे जातो. फेब्रुवारी ते एप्रिल, उमरीच्या आसपास ज्यांची हळद निघते त्यांच्या शेतात तो न्यायचा, दोन-तीन दिवस तिथेच ठेवायचा, मग पुढच्या शेतात. हे काम मी आणि माझी बायको चौदा हंगाम करत आलो.

भट्टी, पाणी, वाफ आणि गाडी माझ्याकडे. हळद शिजली की नाही, हे ती सांगते. वाफ सुटली की ती ड्रमजवळ उभी राहते, वास घेते, एक कांडी काढून तिला काडी टोचते, मोडून आतला रंग बघते. मग "काढा" म्हणते, नाहीतर गप्प राहते. मी अनेकदा घड्याळ लावून बघितलं. कधी अडतीस मिनिटं, कधी एक्कावन्न. सूत्र काही सापडलं नाही.

मागच्या हंगामाच्या तोंडावर तिच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन लातूरला झालं. तो हंगाम मी एकट्यानं घड्याळावर काढला. पंचेचाळीस मिनिटं, सगळ्यांना सारखी. संध्याकाळी घरी आलो की ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणायची, "आज कच्ची काढली का हो?"

"कशावरून?"

"तुमच्या सदऱ्याला वास येऊन राहिला की."

तिचं बरोबर असायचं. दोन शेतकऱ्यांची हळद नीट वाळली नाही. एकानं नुसतं विचारलं, "काका, काकू कवा येणार?" ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं. पण खरी गोष्ट हळदीची नव्हती. वर्षभर ती छताकडे बघत पडून होती, आणि कुणी आलं की शिजणाऱ्या हळदीबद्दल बोलायची. एकदा मला म्हणाली, "अवो, मी आता घरातलीच झाले का?" मी औषधांची वेळ बघितली.

वर्षानं डॉक्टरांनी बाहेर जायला हरकत नाही म्हटलं. पट्टा बांधायचा, वाकायचं नाही, धक्के नकोत. मी विचारलं, "गाडीनं किती किलोमीटर चालेल?" डॉक्टर हसले. "किलोमीटर मोजू नका हो. धक्के मोजा."

मग मी धक्के मोजायला लागलो. कुकर हूकला लावला की त्याच्या दांडीचा भार पिकअपच्या मागच्या बाजूवर येतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डपर्यंत एरवी सेहेचाळीस सेंटिमीटर असतात, कुकर लावल्यावर एकोणचाळीस राहतात. गाडीचं नाक वर, शेपूट खाली. मागचे स्प्रिंगचे पाटे एवढे दबलेले असले की खड्ड्यात अ‍ॅक्सल वरच्या रबरी गुटक्यावर आदळतो आणि तो ठोका थेट सीटमध्ये येतो. चौदा वर्षं तो ठोका आम्ही दोघं खात होतो. त्यातले किती तिच्या मणक्यात साठले, ते कुठल्या काट्यावर कळणार?

पुढच्या तपासणीला लातूरला गेलो, तेव्हा दवाखान्याजवळच्या एका गॅरेजात एक पिकअप वर उचललेली दिसली. लग्नात जनरेटरची ट्रॉली ओढणारी होती. तिच्या पाट्यांवर, चासीच्या खाली, मिस्त्री काळे रबरी फुगे बसवत होता. मी बायकोला बाकावर बसवलं आणि खिशातली वही काढली. मी म्हटलं, माझ्या गाडीला एकेक पाटा वाढवायचा विचार आहे.

"पाटा टाकला की टाकला, शेठ," मिस्त्री म्हणाला. "पाठीमागं बोजा असो नसो, गाडी कायमची कडक. हवा तशी न्हाई. पायजे तवा भरा, नको तवा सोडा."

"फुग्यानं जास्त वजन ओढता येईल का?"

"बिल्कुल न्हाई. कंपनीनं जेवढं लिवलंय तेवढंच ओढायचं. फुगा फक्त पाठ सरळ ठेवतो."

बाकावरून बायको म्हणाली, "मग एखादा मलाच बसवा."

मिस्त्री मान मागं टाकून हसला. मी मात्र पुढचे अकरा प्रश्न विचारले. रबर किती टिकतं, हवा किती दिवसांनी उतरते, एका बाजूचा फुटला तर काय. शेवटी तो तिला म्हणाला, "भाभी, शेठ लई हिशोबी हाएत. तुमी इतकी वर्सं कशी काढली?"

"कमरेवर," ती म्हणाली.

आठवड्यानं मी गाडी घेऊन गेलो आणि फुगे बसवून आणले. मिस्त्रीनं जाताना दोनदा सांगितलं, "कुकर हाय तर चाळीस पौंड. कुकर सोडला की आठवर आणायची. पार सोडायची न्हाई, फुगा चिमटतो." मी मान हलवली. घरी येऊन कुकर लावून मोजलं. एकोणचाळीसचे चव्वेचाळीस झाले होते. एका कागदावर तीन रकाने आखले: नुसता कुकर, कुकर आणि गाडीत कापसाच्या पळाट्यांचं सरपण, कुकर आणि गाडीत पोती. प्रत्येकाखाली हवेचा आकडा. कागद सन-व्हायजरला लावला. मग चौथा रकानाही आखला, 'रिकामी गाडी'. त्याखाली आकड्याऐवजी मी रेघ मारून ठेवली. माझ्या लेखी हवा होती ती फक्त कुकरसाठी.

पहिलं शेत अकरा किलोमीटरवर होतं. मी उशी, पट्टा, पाण्याची बाटली आणि तिला बसायला हातांची प्लास्टिकची खुर्ची घेतली. "देवीला मिरवायला काढलंय का?" ती म्हणाली, पण साडी नवी नेसली होती. चाळीस पौंड हवा, ताशी वीसचा वेग. डांबरी संपून पांदण लागली तेव्हा मी श्वास धरला. गाडी दबली, उठली, पण ठोका आला नाही. तिनं खिडकीच्या वरची कडी सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

शेतातल्या बायकांनी तिला गराडा घातला. ती खुर्चीवर बसली, वाफ सुटल्यावर उठली, कांडी मोडली, बघितली, आणि परत बसली. मी चौकशी केली नाही. सहा मिनिटांनी म्हणाली, "काढा." त्रेचाळीस मिनिटं झाली होती. शेतकऱ्याची आई म्हणाली, "आता हाय की न्हाई!" दिवसभरात तिनं पाच घाणे उतरवले आणि शेवटी हाताचा पिवळा पंजा मला दाखवला. वर्षभर तो पंजा पांढरा होता.

ऊन कलल्यावर कुकर तिथेच सोडला. दांडीला दगड लावला, हूक काढला, आणि आम्ही घरी निघालो. वाटेत ती फार बोलली नाही. मला वाटलं, थकली असेल. एकदा बघितलं तर ती परत खिडकीवरची कडी धरून बसली होती, दोन्ही हातांनी. मी म्हटलं, "हा रस्ता सकाळपेक्षा खराब वाटतोय." ती म्हणाली, "हं."

घरी ती चहा न घेता फरशीवर आडवी झाली. सकाळी उठता येईना. कमर पाट्यासारखी आखडली होती. मी लातूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पायाला मुंग्या नाहीत ना, मग स्नायू धरलेत, आठवडा पडू दे. तिला शेक देताना माझ्या लक्षात आलं. उठून बाहेर गेलो, व्हॉल्व्हला गेज लावला. चाळीस. कुकर सोडल्यावर हवा मी सोडलीच नव्हती. मागे बोजा नाही आणि फुगे टम्म, म्हणजे अकरा किलोमीटर ती दगडावर बसून आली होती. पाटा नको, फुगे हवेत, हे मी ज्या एका कारणासाठी ठरवलं, तेच मी विसरलो होतो.

आत आलो. "तू सांगितलं का नाहीस?"

"सांगून?"

"गाडी थांबवली असती!"

"थांबवली असती, अन् दुसऱ्या दिवशी नेलं नसतं." ती भिंतीकडे बघत होती. "वळखत न्हाई का मी तुमाला? एकदा का तुमी वहीत लिवलं, की संपलं."

मी खरंच लिहिणार होतो. यंदा बंद, असं मनात ठरलंही होतं. तिच्या उशाशी तो व्हायजरचा कागद आणून ठेवला, कुठे चुकलो ते दाखवायला. तिनं तो हातात घेऊन नीट वाचला. चौथ्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"रिकामी?" ती म्हणाली. "मग मी कुठं बसले होते?"

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या भावाला बोलावलं. त्याला गाडी चालवायला सांगितली आणि तिच्या जागेवर मी बसलो. मांडीवर काठोकाठ भरलेला स्टीलचा तांब्या. कुकर नाही, हवा चाळीस. भाऊ म्हणाला, "दादा, लोकं काय म्हणतील?"

"वीसनं चालव."

पांदणीत पहिल्याच खड्ड्याला पाणी छातीवर आलं. अर्ध्या किलोमीटरला माझे दात एकमेकांवर आपटले. दोन किलोमीटरला मी कडी धरली, दोन्ही हातांनी, आणि तांब्या पायात पडला. "थांबव," मी म्हटलं. हातात स्टिअरिंग असलं की हे ठोके एवढे लागत नाहीत, ते तेव्हा कळलं. मला दोन किलोमीटर निघाले नाहीत, आणि ती अकरा किलोमीटर 'हं' एवढंच म्हणाली होती. भाऊ माझ्याकडे बघत होता, पण हसला नाही.

हवा आठवर आणली आणि तोच रस्ता परत केला. पाणी दोन बोटं सांडलं.

घरी ओला सदरा तसाच ठेवून मी तिला दोन्ही फेऱ्यांत तांब्यातलं पाणी किती सांडलं ते सांगितलं. ती म्हणाली, "पाण्याला कमर असती का?" मग थोड्या वेळानं, "किती बोटं म्हणलात?"

"दोन."

"तुमची का माझी?"

मी कागद घेतला. 'रिकामी गाडी' खोडलं आणि वर लिहिलं, 'आम्ही दोघं'. खाली आठ. तिनं ते बघितलं आणि कागद उशीखाली ठेवला. व्हायजरला लावायला मला तो तीन दिवसांनी मिळाला.

त्या आठवड्यात कुकरवर मी आणि भाऊ होतो. संध्याकाळी ती सदऱ्याचा वास घ्यायची. नवव्या दिवशी डॉक्टरांना परत फोन केला. त्यांनी चार प्रश्न विचारले आणि हो म्हटलं. मी तिला म्हटलं, "वाटेत जरा जरी ठणकलं तर बोलायचं. मी वहीत काही लिहिणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

दुसऱ्या शेतात ती सहा घाणे बसून होती. तिसऱ्या घाण्याला तिनं मोडलेली कांडी माझ्या हातात दिली. "सांगा."

मी वास घेतला. घड्याळ बघितलं नाही. "अजून थोडी."

"थोडी म्हंजी किती मिनिटं?" ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. थोडीच हवी होती. माझं बरोबर आलं होतं.

ऊन कललं, मी दांडीला दगड लावला, हूक काढला, आणि गाडीचं दार तिच्यासाठी उघडलं. ती बसली नाही. पट्ट्यावर हात ठेवून सावकाश गाडीच्या मागे गेली आणि हात पुढे केला. "तो हवेचा काटा इकडं आणा."

"तुला वाकायचं नाही."

"मी कशाला वाकू? तुमी लावा, मी वाचते."

मी गुडघ्यावर बसलो, हवा सोडली, गेज लावला आणि काचेचा भाग तिच्याकडे वळवला. तिनं डोळे बारीक करून, डोळ्यांवर पिवळ्या हाताची सावली धरून बघितलं.

"नऊ हाय," ती म्हणाली. "एक काढा."

मी एक काढली. मग दुसऱ्या बाजूला गेलो, आणि तीही माझ्यामागे आली.