सत्यभामाबाईंचं आडनाव

शाळेत नवी मुलगी नाव घालायला आली, की सत्यभामाबाई आधी विचारीत, "आईचं नाव काय?" बरोबर आलेला बाप गडबडून जाई. त्या काळी नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे. तो मुलीकडे बघे आणि मुलगी म्हणे, "आये." साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांची असली, तर म्हणे, "अम्मा." मग बाई हसून म्हणत, "ते झालं तुझ्यापुरतं. तिच्या आईबापानं तिला काहीतरी नाव ठेवलं असंल की!" शेवटी कानकोंडा झालेला बाप ते नाव पुटपुटे. आमच्या हजेरीपटात आईच्या नावासाठी जागाच नव्हती. बाई ते लक्षात ठेवीत आणि पुढे वर्षभर त्या मुलीला 'कोंडाबाईची शांता' नाहीतर 'लक्ष्मम्माची नरसू' अशी हाक मारीत.

मी सोलापूरच्या त्या मुलींच्या शाळेत लागले, तेव्हा सत्यभामाबाई तिसरीला शिकवीत. उंच, हाडापेराने मोठ्या, नऊवारी लुगडं घोट्याच्या वर नेसलेल्या. वर्गात त्यांची भाषा पुण्याच्या ट्रेनिंगमधली, अगदी शुद्ध असे. राग आला, की मात्र ती गळून पडे आणि सोलापूरची रांगडी बोली बाहेर येई. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "सत्यभामाबाई 'हाय-न्हाय' बोलायला लागल्या, की समोरच्यानं सांभाळून असावं."

त्यांचे वडील, तुकारामअण्णा फुलारी, सिद्धेश्वराच्या देवळाच्या वाटेवर हार विकत. बाईंचं लग्न लहानपणीच झालं. सासरचं आडनाव गाडेकर. पहिली मुलगी झाली, पुढे मूल झालं नाही, म्हणून केशव गाडेकरांनी दुसरी बायको केली आणि हिला लेकीसकट बापाच्या दारात आणून सोडलं. काडीमोड दिला नाही, नांदवलंही नाही. अण्णांनी नातीला सांभाळलं आणि लेकीला शिकायला पुण्याला पाठवलं. ती मास्तरीण होऊन आली. पण ट्रेनिंगच्या दाखल्यावर, नेमणुकीच्या हुकुमावर, पगारपत्रकावर, सगळीकडे नाव राहिलं ते सत्यभामा केशव गाडेकर.

"ज्या घरानं मला उंबऱ्याबाहेर काढलं, त्या घराची पाटी मी गळ्यात घालून हिंडतेय," त्या मला एकदा म्हणाल्या. "शिकवलं अण्णांनी. मान खाली घालायची वेळ आली ती अण्णांवर. आणि नाव कुणाचं, तर गाडेकरांचं!"

एक दिवस त्या मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत गेल्या, प्रतिज्ञापत्र केलं आणि म्युनिसिपालिटीच्या शाळाखात्याच्या ऑफिसात अर्ज दिला, की यापुढे माझं नाव सत्यभामा तुकाराम फुलारी असं लावावं. सोबत म्हणून मला नेलं होतं. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"बाई, यजमान हयात आहेत?"

"आहेत."

"काडीमोड झालाय?"

"ते देत नाहीत."

"मग नाव कसं बदलणार? नवरा जिवंत असताना बाईनं बापाचं नाव लावायचं, हे ऐकलंय कधी?"

"साहेब, नवरा जिवंत असताना बापानं लेकीला पोसायचं, हे ऐकलंय का? आमच्या घरी ते रोज चाललंय."

साहेब चिडले. अर्ज नामंजूर झाला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ द्या ना. नावात काय एवढं?" त्या थबकल्या. "काय न्हाय ना? मग त्यांना बदलून द्यायला काय झालं?"

त्यानंतरच्या पगाराच्या दिवशी त्यांनी पत्रकावर ठसठशीत सही केली, 'स. तु. फुलारी'. हेडक्लार्क म्हणाला, ही सही चालणार नाही. बाई म्हणाल्या, दुसरी मला येत नाही. पगार अडकला. पुढल्या महिन्यातही तेच झालं, त्याच्या पुढल्या महिन्यातही. बाईंनी एक दिवसही शाळा चुकवली नाही. संध्याकाळी मात्र देवळाच्या वाटेवर अण्णांच्या शेजारी बसून त्या हार गुंफू लागल्या. आमच्या मुलींच्या आया आधी बिचकल्या, मग मुद्दाम त्यांच्याकडूनच हार घेऊ लागल्या. म्युनिसिपालिटीच्या एका सभासदांनी विचारलं, "मास्तरीणबाई, तुम्ही इथं?" बाई म्हणाल्या, "फुलाऱ्याची लेक फुलंच विकणार की. तुमच्या ऑफिसला तेवढं अजून पटंना."

ही गोष्ट गावभर झाली आणि गाडेकरांच्या कानी गेली. त्यांना तो आपला अपमान वाटला. बायकोवर त्यांचा जोर चालणार नव्हता, पण मुलगी कागदोपत्री त्यांचीच होती. लीला आमच्याच शाळेत वरच्या वर्गात होती. हुशार, जरा अबोल. अजून चौदाची व्हायची होती. गाडेकरांनी टेंभुर्णीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाशी परस्पर तिची सोयरीक ठरवली आणि एका दुपारी ते तिला न्यायला शाळेत येऊन उभे राहिले.

जरीचा फेटा, हातात काठी, बरोबर त्यांचा भाऊ. मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभं राहून ते म्हणाले, "लीला केशव गाडेकर. माझी मुलगी. टेंभुर्णीला तिचं लग्न ठरलंय. तिचं नाव काढा, दाखला द्या आणि तिला बाहेर पाठवा." मोठ्या बाईंची पंचाईत झाली. नियमाने बापाचा शब्द चालायचा. इतक्यात कुणीतरी तिसरीच्या वर्गात जाऊन सांगितलं आणि सत्यभामाबाई हातातला खडू तसाच घेऊन आल्या.

"का आलाय?"

"माझ्या नावाची पोर न्यायला आलोय."

"नावाची व्हय? मग नाव न्या की. ते तुमचंच हाय. पोरगी हितंच ऱ्हाईल."

भाऊ पुढे सरकला. बाई दारात आडव्या झाल्या. वर्गावर्गातून बाया बाहेर आल्या, मीही आले, आणि कुणी न सांगता आम्ही सगळ्या त्यांच्या मागे उभ्या राहिलो. मोठ्या बाईंना धीर आला असावा. त्या म्हणाल्या, "दाखला हवा असेल तर वरच्या ऑफिसचा लेखी हुकूम आणा. तोवर मुलगी वर्गात बसेल." गाडेकर काठी आपटत निघून गेले. आता सत्यभामाबाई शांत होतील असं आम्हाला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "हुकूम आणायला त्यांना किती वेळ लागतोय? मला त्याच्या आधी टेंभुर्णी गाठली पाहिजे."

चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न गुन्हा ठरवणारा बालविवाहाविरुद्धचा कायदा तेव्हा नवाच होता. लोकांना त्याची ऐकीव माहिती होती आणि धाक त्याहून कमी. बाईंनी म्युनिसिपालिटीतून लीलाच्या जन्माच्या नोंदीचा उतारा काढला आणि रविवारी सकाळी अण्णांना घेऊन सर्व्हिस मोटारीने टेंभुर्णीला गेल्या. तिथे काय झालं ते अण्णा आम्हाला किती वेळा सांगत! व्यापाऱ्याच्या दुकानापुढे गिऱ्हाईक होतं, बाजारची माणसं होती. बाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि वर्गात वाचावं तसा त्यांनी तो उतारा खणखणीत आवाजात वाचला.

"शेटजी, तुमचा मुलगा मी बघितला न्हाय. तो चांगलाच असंल. माझं त्याच्याशी भांडण न्हाय. पर माझी लेक अजून चौदाची न्हाय. आज लग्न लावलंत, तर उद्या फिर्याद करणार. बापावर, तुमच्यावर आणि लग्न लावणाऱ्या भटजीवरसुद्धा. साक्षीला हा सगळा बाजार हाय."

शेटजी घाबरले. मुलीची आईच फिर्यादी होणार, हे गाडेकरांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी अण्णांना ओटीवर बसवून पाणी दिलं आणि सोयरीक तिथेच मोडली.

गाडेकर आता भलतेच पेटले. त्यांनी जातीचे पंच बोलावले. मारुतीच्या देवळापुढे बैठक बसली. गाडेकर तणतणत म्हणाले, "हिला काडीमोड हवाय ना? देतो. घ्या लिहून." पंचांपैकी एकाने लिहिलं आणि वाचून दाखवलं: आजपासून ही माझी बायको नाही, आणि मुलगी लीला हीदेखील माझी नव्हे.

एवढी वर्षं जे मागितलं, ते समोर कागदावर होतं. सही केली, की नाव मोकळं, लेक मोकळी. अण्णा हळूच म्हणाले, "घे पोरी. सुटशील." मी बायकांच्या घोळक्यात होते. बाईंचा चेहरा तिथून मला स्पष्ट दिसत होता. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच बघितलं. डोळे पुसायलाही त्या थांबल्या नाहीत.

"लेक ह्यांचीच हाय," त्या म्हणाल्या. "नांदत होते तवा माझा पाय कुटं वाकडा पडला न्हाय, हे ह्यांनाबी ठावं हाय. मला सुटका पायजे, पर खोट्या कागदावर न्हाय. 'माझी नव्हे' हे खोडा. 'मुलीवर माझा हक्क राहिला न्हाय' असं ल्ह्या. न्हाय लिहिलं, तर मी जलमभर गाडेकर ऱ्हाईन. पर माझ्या पोरीला कुणी बिनबापाची म्हणायचं न्हाय."

एक म्हातारे पंच उठले. त्यांनी गाडेकरांकडे रोखून बघितलं. "केशवा, पोर तुझी हाय का न्हाय? देवाम्होरं सांग." गाडेकर खाली बघून म्हणाले, "हाय." ओळ खोडली गेली, नवी लिहिली गेली. गाडेकरांनी सही केली. त्याखाली बाईंनी केली, 'सत्यभामा तुकाराम फुलारी'.

तो कागद पुढे ठेवल्यावर साहेबांचा इलाज राहिला नाही. पगारपत्रकावर फुलारी आलं. अडकलेला पगार मिळाला, त्या दिवशी बाईंनी साऱ्या शाळेला पेढे वाटले आणि हेडक्लार्कला दोन दिले. लीलाचं नाव मात्र साहेबांनी बदलू दिलं नाही. बापाचं नाव मुलीपासून कुणाला काढता येत नाही, म्हणाले. बाईंनी पुन्हा अर्ज केले, ते पुन्हा परत आले. लीला शाळेत सगळ्यांच्या तोंडी फुलारी आणि कागदावर गाडेकर राहिली.

मॅट्रिक झाल्यावर तिला पुण्याला पुढचं शिकायला जायचं होतं. आता ती वयाने मोठी होती, प्रतिज्ञापत्र करून नाव बदलू शकत होती. बाईंनी तिला तसं सांगितलं. लीला म्हणाली, "आई, मी गाडेकरच लावणार. प्रत्येक ऑफिसात आपली कहाणी सांगायचा मला कंटाळा आलाय. आणि इतकी वर्षं या नावानं पहिली आले ती मी आले. ते आता माझं आहे."

मला त्या पोरीचा भयंकर राग आला. मी बाईंजवळ तो बोलूनही दाखवला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन बाजारात गेल्या, एक पत्र्याची ट्रंक घेतली आणि पेंटरसमोर ठेवली. "पांढऱ्या रंगात घाला," त्यांनी सांगितलं. "लीला केशव गाडेकर. 'केशव' बारीक काढू नका, सगळं एका मापात."

लीला गेली, त्या सकाळी स्टेशनवर मी, अण्णा आणि बाई एवढेच होतो. हमालाला बाजूला सारून बाईंनी ती ट्रंक स्वतः डब्यात चढवली. गाडी हलली, लीलाचा हात खिडकीबाहेर बराच वेळ दिसत राहिला. बाई ताठ उभ्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "एवढं केलंत, आणि शेवटी गाडेकरच की हो!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझं नाव मी ठरवलं. तिचं तिनं ठरवलं. तिला माझंच लावायला लावलं असतं, तर माझ्यात आणि त्या साहेबात फरक काय?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचं कुणी ठरवलं, इंदिराबाई?"

माझं माहेरचं नाव वेणू. लग्नात यजमानांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'इंदिरा' लिहिलं आणि त्या दिवसापासून मला वेणू म्हणून कुणी हाक मारली नव्हती. माझ्या आईनेसुद्धा नाही. मी ते त्यांना सांगितलं.

बाईंनी पदर खोचला. "चला वेणूबाई," त्या म्हणाल्या, "शाळा भरायची वेळ झाली."