बाबा, मॅडम आणि टाकीचं जॅकेट

वडिलांनी मला पहिल्यांदा 'मॅडम' म्हटलं ते बंगलोरजवळ बोम्मसंद्र्याला, मी नोकरी करत होते त्या कारखान्यात, साहेबांसमोर. तसं म्हणायचं आमचं घरीच ठरलं होतं. तरीही ऐकताना माझे कान तापले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातली बाबांची कंपनी बंद पडली आणि आम्ही बंगलोरला आलो. तिकडे ते सुपरवायझर होते. इकडच्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे स्टीलच्या टाक्या बनवणारं एक छोटं वर्कशॉप होतं, त्यात त्यांना ऑर्डरी आणायचं काम मिळालं. पन्नाशी उलटलेल्या, मोजकंच बोलणाऱ्या माणसाला फिरतीचं काम! त्यांनी तेही निमूट केलं, पण ऑर्डरी काही येईनात. शेवटी मालकाने सांगितलं की आता एखादी मोठी ऑर्डर आणा, नाहीतर दुसरीकडे बघा.

मी तोवर इंजिनियर होऊन एका मलमाच्या कारखान्यात लागले होते, आणि नेमकी आमच्याच कारखान्याला टाकी हवी होती.

मलम करताना मेण आणि तेल आधी गरम करून वितळवायचं, मग त्याच टाकीत सगळीकडून सारखं थंड करायचं. त्यासाठी टाकीला बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्याला जॅकेट म्हणतात. त्यातून आधी वाफ सोडायची, नंतर थंड पाणी. बाबांचं वर्कशॉप साधं जॅकेट करायचं, म्हणजे टाकीभोवती दुसरी मोठी टाकी आणि मधे पोकळी. दुसऱ्या एका कंपनीने अर्धा चिरलेला पाइप टाकीभोवती वेटोळ्यांनी वेल्ड करून देण्याची तयारी दाखवली होती. वाफ पोकळीत सगळीकडे पसरते. पाणी मात्र आळशी. ते जवळच्या वाटेने आत येतं, बाहेर जातं आणि कडेचा भाग कोमटच राहतो. पाइपात कोंडलं की मग त्याला सगळा फेरा मारावाच लागतो.

यातलं पाण्याचं शहाणपण मला बाबांनीच लहानपणी शिकवलं होतं. तापलेल्या दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवलं की ते मला पाणी ढवळत बसवायचे. "नुसतं पाणी असून भागत नाही, ते हललं पाहिजे," म्हणायचे.

बाबा टाकीचं ड्रॉइंग घेऊन आमच्या कारखान्यात येणार होते, त्या मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या आपली ओळख नाही. लोक म्हणतील, पोरीने बापासाठी शब्द टाकला."

"पण आडनाव?"

त्यांनी कार्ड दाखवलं. इथल्या रीतीप्रमाणे त्यावर नुसती इनिशियल्स आणि नाव होतं, आडनावाचा पत्ताच नव्हता. आम्ही दोघं स्वतःवर फार खूश झालो. सकाळी त्यांनी मला पहिल्या बसने पुढे पाठवलं आणि स्वतः मागच्या बसने आले. ती मागची बस वाटेत आमच्या बसला मागे टाकून गेली, आणि मी गेटवर पोचले तेव्हा बाबा वॉचमनला कन्नडमधून "सरी, सरी", ठीक ठीक, म्हणत सही करत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मीटिंगमध्ये ते इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघे जुळवून, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. घरी पाय पसरून पेपर वाचणारा माझा बाप असा अंग चोरून बसलेला मला बघवेना. आमचे साहेब म्हैसूरकडचे, कडक माणूस. ते बाबांना मधेच तोडायचे, आणि बाबा हसून "यस सर" म्हणायचे. त्या हसण्याची मला लाज वाटली. मग अशी लाज वाटली म्हणून स्वतःचीच वाटली. मी समोरच्या ड्रॉइंगमध्ये डोकं घातलं.

"मॅडम, आप को कुछ पूछना है?" साहेब म्हणाले.

विचारायचं तर होतंच. ते माझं कामच होतं, आणि न विचारता टाकी घेतली असती तर पुढे मलमात गाठी झाल्या असत्या. मी बाबांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत हिंदीतून विचारलं, "थंड पाणी आत आल्यावर कुठून कुठे जाईल? कडेचा भाग थंड होईल का?"

बाबा फाइल मिटत म्हणाले, "नहीं मॅडम. हमारे जॅकेट में उतना नहीं होगा. आप के काम के लिए पाइपवाला ही ठीक है."

ऑर्डर गेली. ऑर्डरबरोबर काय गेलं, ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

साहेब मात्र खूश. टाकी विकायला आलेला माणूस दुसऱ्याची टाकी घ्या म्हणतो, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "ऊट माडकोंडु होगी," जेवूनच जा, असा आग्रह करून ते बाबांना कँटीनमध्ये घेऊन आले आणि नेमके माझ्याच टेबलाशी बसवले. बाबांनी पिशवीतून डबा काढला. माझा आधीच समोर होता.

आईने जुनी निळी सुती साडी फाडून रुमाल केले होते. दोन्ही डबे त्याच निळ्या कापडात, त्याच तिरक्या गाठीने बांधलेले. आत दोन्हीकडे भरली वांगी, आणि लाल झाकणाच्या सारख्याच डब्यांत शेंगदाण्याची चटणी. आडनाव लपवायचं आम्हाला सुचलं, पण आईला कुणी काही सांगितलंच नव्हतं. घरातला स्वयंपाक एक, तर डबाही एकच असणार, हे आम्हा दोन हुशार माणसांच्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांनी एका डब्यावरून दुसऱ्या डब्याकडे पाहिलं. "तंदेना?" वडील का, असं त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली. साहेबांनी स्वतः उठून ताकाचा ग्लास आणला आणि बाबांपुढे ठेवला. "स्वल्प मज्जिगे तगोळ्ळी, सर," थोडं ताक घ्या, म्हणाले.

सकाळभर ज्यांना ते अर्ध्या वाक्यात तोडत होते, त्यांना आता 'सर'! बाबा माझ्याकडे बघून पहिल्यांदा मोकळं हसले आणि वांग्याचा देठ बाजूला काढून जेवू लागले. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा पडवीत शेंगा सोलत बसले होते. आईने विचारलं असणार, आणि "नाही जमलं" एवढंच त्यांनी सांगितलं असणार, कारण ती स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होती. मला लाज वाटली की राग येतो. तो त्यांच्यावरच निघाला.

"बॅफल टाकू म्हणाला असतात तरी चाललं असतं," मी म्हटलं. पाण्याला वळवायला जॅकेटच्या पोकळीत पट्ट्या वेल्ड करतात, त्यांना बॅफल म्हणतात. "साहेब मानले असते. का नाही बोललात?"

"आमच्याकडच्या पट्ट्यांना फटी राहतात. पाणी त्यातून निसटतं. तुला सांगितलं होतं की मी मागे."

"साहेबांना कुठे माहीत होतं!"

"साहेबांना नव्हतं. तुला होतं." त्यांनी शेंगेतले दाणे ताटलीत टाकले. "मी खोटं बोललो असतो तर तू काय केलं असतंस? गप्प बसली असतीस. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्यापायी तुला तशी सवय लागायला नको."

'नाही बाबा, मी बोलले असते' असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग शेंगांचं सूप माझ्याकडे ओढलं आणि त्यांच्याबरोबर सोलायला बसले.