नाकानं मका बघणाऱ्या आक्का

मुलांनो, आमच्या आक्का मका आधी हुंगायच्या, मग बघायच्या. हातकणंगल्याच्या शेतात सकाळी कणसाला नाक लावून म्हणायच्या, "आलं बगा पावणं!" हे पावणे म्हणजे हिरवे ढेकूण. बोट लागलं तरी घाण वास सोडतात आणि सोंड खुपसून कोवळ्या दाण्यातलं दूध पितात.

आक्का आमचं शेत वाट्यानं करायच्या. मका पांढरा, त्यांच्या मलकापूरकडच्या माहेरचा. बियाणं दरवर्षी याच रानातून निवडायचं. बांधालगतच्या चार ओळींत त्या साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन रोज फिरत. "पावण्याला दारातच गाठायचं." पानामागची ढेकणांची पांढुरकी अंडी चिरडायच्या, काळी पडलेली मात्र राखायच्या. काळ्यांतून ढेकूण निघत नाही, त्याची वैरीण असलेली बारीक माशी निघते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी औषधांच्या दुकानदारानं मोटारसायकलवरून न उतरताच निदान केलं: लष्करी अळी, सगळं रान फवारा! आक्का नको म्हणाल्या, तर हा म्हणतो, "आजी, शाळंत गेलतीस का कधी?"

"न्हाय. पर मका बी गेला न्हाय की!"

मी चष्मा लावून त्याच्या औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचलं. म्हटलं, "आक्का, यात सगळं लिहिलंय."

"बाटलीचं लिवलंय, बाई. रानाचं कुटं लिवलंय?"

फवारणी झाली. काळी अंडी आतल्या माशीसकट तशीच वाळून गेली. मग शेजारचं सोयाबीन काढलं आणि तिथले ढेकूण झुंडीनं आमच्याकडे आले. कणसं शिंगासारखी वाकली, दाणे चिपाड झाले. आक्कांनी कणीस न् कणीस सोलून पाहिलं. बियाण्याजोगं एकही निघालं नाही. माहेरी तर सगळे कधीच पाकिटातल्या बियाण्यावर गेलेले.

आणि तो दुकानदार चार माणसांत म्हणाला, "म्हातारीनं लक्षच दिलं न्हाय!" जिनं एक सकाळ चुकवली नाही, तिला! आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर वर्गात बोलत आलेली मी, तोंड मिटून उभी राहिले.

यंदा त्यांनी शेत सोडलं, लेकीकडे गेल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "बी गेलं ते गेलं, बाई. तुमी गप का ऱ्हायलासा?"

तेव्हाही मी गप्पच होते. म्हणून निदान तुम्हाला लिहिते: फवारा, असं मी सांगितलं होतं.